जुन्या स्कूटर्सचं संग्रहालय बघताना तुम्ही नेमकं काय बघता?

पायवाट

इटलीत पिसाहून फ्लोरेन्सला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पोंतेदेरा नावाचं गाव आहे. व्हेस्पा ही स्कूटर इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली. स्टेशनवरून थोडं चाललं की पियाज्यो कंपनीचं संग्रहालय लागतं. कारखान्याची जुनी टूलरूम होती, तीच इमारत नीट करून २००० साली लोकांसाठी उघडली. नुकतीच ते बघून आले. जुन्या स्कूटर्सवर जीव असणारी मंडळी या मंचावर आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आत शिरल्यावर बहुतेक जण झळझळीत रंगाच्या गाड्यांसमोर फोटो काढतात आणि पुढे सरकतात. त्यात वाईट काही नाही, गाड्या आहेतच देखण्या. पण स्कूटरच्या अंगावरचं प्रत्येक वळण कुठल्यातरी अडचणीवरचा उपाय म्हणून आलेलं आहे. ती अडचण कळली की त्याच गाडीसमोरून पाय निघत नाही. माझं तसंच झालं, आणि तेही दोन गाड्यांपाशी.

पहिली म्हणजे एमपी ५. युद्धाच्या शेवटच्या काळात पियाज्योचं काम पोंतेदेराहून उत्तरेला बिएल्ला इथे हलवलं होतं. तिथे रेन्झो स्पोल्ती या अभियंत्याच्या हाताखाली हा नमुना तयार झाला. 'पापेरीनो' हे तिचं टोपणनाव. चाकं लहान, पत्र्याचं आवरण, पुढे पायांना आडोसा, म्हणजे स्कूटरची लक्षणं बरीचशी आहेत. पण इंजिन मधोमध, त्यामुळे दोन पायांच्या मध्ये पत्र्याचा उंचवटा. बसायचं तर मोटरसायकलसारखी टांग टाकूनच. मालक एन्रिको पियाज्योंना ती पसंत पडली नाही आणि त्यांनी काम कोर्रादीनो दास्कानियो यांच्याकडे सोपवलं.

दास्कानियो विमानांचे आणि हेलिकॉप्टरचे अभियंते. १९३० साली त्यांच्या हेलिकॉप्टरने उंचीचे आणि अंतराचे जागतिक विक्रम केले होते. मोटरसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, पंक्चर झालं की चाक काढणं जिकिरीचं, टांग टाकून बसावं लागतं, या त्यांच्या तक्रारी. पापेरीनोनंतरची गाडी, म्हणजे व्हेस्पा, बघताना मी या तक्रारी एकेक करून डोळ्यांसमोर आणत होते, आणि प्रत्येकीचं उत्तर पत्र्यात सापडत होतं. इंजिन मागच्या चाकापाशी नेऊन बाजूला बसवलं, त्यामुळे मधली जागा मोकळी झाली. इंजिनातून ताकद थेट चाकाला दिली, साखळीच नाही. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूच्या दांड्यावर धरलं, म्हणजे पंक्चर झालं तर नट सोडून चाक बाजूला ओढून घ्यायचं. गिअर डाव्या मुठीत आणले. आणि वेगळी चॅसी (गाडीचा सांगाडा) न ठेवता दाबून घडवलेला पत्राच सगळा भार पेलेल अशी रचना केली. पेटंटचा अर्ज २३ एप्रिल १९४६ चा. पहिली व्हेस्पा ९८ सीसीची होती, गिअर तीन.

दुसरी गाडी 'सिलुरो'. टॉर्पेडोच्या आकाराची ही विक्रमी व्हेस्पा. ९ फेब्रुवारी १९५१ रोजी रोम–ऑस्तिया रस्त्यावर दिनो मात्सोंचिनी यांनी एक किलोमीटरचं अंतर ताशी १७१ किमीच्या सरासरी वेगाने कापलं. इंजिन केवळ १२५ सीसीचं, पण एकमेकांच्या विरुद्ध चालणाऱ्या दोन पिस्टनचं. मी बराच वेळ तिची चाकं बघत होते. एवढ्याशा चाकांवर, तेव्हाच्या टायरवर, तो वेग!

आता प्रश्न. अशा ठिकाणी तुम्ही आधी कुठे बघता? आणि जुनी गाडी संग्रहालयात नव्यासारखी रंगवून ठेवावी की आहे तशी? माझं मत आहे तशीच्या बाजूने आहे, पण ज्यांनी स्वतःच्या हाताने काम केलंय त्यांचं ऐकायचं आहे.

दोन_स्ट्रोक

छान लिहिलं आहे. मी आधी उजवीकडून मागे जातो आणि खाली वाकतो.

व्हेस्पाचं इंजिन उजव्या पॅनेलखाली असतं. म्हणजे वजन एका बाजूला जास्त. डावीकडचं पॅनेल दिसायला जुळं असलं तरी आत इंजिन नाही, म्हणून पुढच्या काळात तिथे डिकी किंवा स्टेपनी आली. गाडी मधल्या स्टँडवर असेल तर मागून सरळ रेषेत बघा, इंजिन किती बाहेर आहे ते लक्षात येतं.

उजवं पॅनेल उघडं ठेवलेली गाडी मिळाली तर सोडू नका. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) फ्लायव्हीलवर, म्हणजे फिरत्या जड चाकावर, पंख्याची पाती असतात आणि सिलिंडरवर पत्र्याचं टोपण. इंजिन पत्र्याआड गेल्यावर समोरचा वारा त्याला लागणार कसा? म्हणून पंख्याने वारा ओढून टोपणातून सिलिंडरच्या फिन्सवर सोडायचा. ते टोपण काढून गाडी पळवली तर इंजिन तापून जाम होणार. इंजिन उघडं दिसलं की जास्त गार राहील असं वाटणाऱ्यांना हे आवर्जून दाखवावं.

मुठीतले गिअरही नीट बघा. सुरुवातीच्या व्हेस्पांमध्ये मुठीपासून इंजिनपर्यंत केबल नव्हती, सळ्या होत्या. बाहेरून जाणारी ती सळी दिसली की गाडी पहिल्या काही वर्षांतली. नंतर केबल आल्या आणि त्या पत्र्याच्या आत लपल्या.

जुन्या गाड्यांत ६ व्होल्टची वीज असे. ती थेट मॅग्नेटोवरून यायची, म्हणून इंजिन हळू चालत असताना दिवा मंद आणि ॲक्सिलरेटर पिळला की प्रखर. रात्री वळणावर वेग कमी केला की नेमका तेव्हाच उजेड जायचा. संग्रहालयात मोठा गोल दिवा बघून लोक वा म्हणतात, तेव्हा तो दिवा किती कमी उजेड द्यायचा हेही तिथे कुणी लिहून ठेवायला हवं.

जुनंलोखंड

रंगाच्या प्रश्नावर लिहितो, कारण माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली आहेत.

पायवाट, तुमच्याशी पूर्ण सहमत. एकदा मूळ रंग खरवडला की तो कायमचा गेला. नवा रंग कितीही अचूक मिळवला तरी तो आजचा रंग असतो. मूळ रंगाखाली कारखान्याचा प्रायमर असतो, पत्र्याच्या कडांना रंग पातळ बसलेला असतो, सीटखाली आणि पेट्रोल टाकीच्या खोबणीत जेमतेम फवारा मारलेला असतो. कारखान्यात माणसं कुठे उभी राहून काम करत होती, कुठे हात पोचत नव्हता, हे सगळं त्यातून कळतं. नव्याने रंगवणारा मात्र हौसेने सगळीकडे सारखाच जाड थर देतो, आणि ती माहिती पुसली जाते.

हात लावायची परवानगी नसतेच, तेव्हा डोळ्यांनी कसं ओळखायचं ते सांगतो. छताच्या दिव्याचं प्रतिबिंब पॅनेलवर कसं पडतं ते बघा. स्वतः हळू सरका आणि प्रतिबिंबाची रेघ सरकताना बघा. दाबून घडवलेल्या पत्र्यावर ती सलग वाहते. लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केलेल्या जागी ती कुठेतरी लचकते. पायाखालच्या फ्लोअरबोर्डला खालून बघता आलं तर उत्तमच. तिथे स्पॉट वेल्डिंगचे ठराविक अंतरावर गोल ठसे हवेत. ठसे नसतील आणि वेल्डिंगची सलग धार असेल तर पत्रा बदलला आहे. रबरी पट्ट्यांच्या ॲल्युमिनियमच्या रेलवर मूळचे रिव्हेट आहेत की नंतरचे स्क्रू, तेही बघा.

व्हेस्पाच्या बाबतीत हे केवळ हौसेपुरतं नाही. तिचा पत्रा हीच तिची चॅसी. मोटरसायकलचा मडगार्ड गंजला तर गाडी वाईट दिसते. व्हेस्पाचा फ्लोअरबोर्ड गंजला तर गाडी मधून वाकू शकते. वरून चकचकीत आणि आतून सडलेली गाडी चालवणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून रंगाच्या मागे लागणाऱ्यांचा मला राग येतो.

अर्धाक्लच

सगळे व्हेस्पावरच बोलताय, म्हणून लँब्रेटाची बाजू मांडायला आलो. मिलानजवळ रोदानो इथे लँब्रेटाचं आणि इतर स्कूटर्सचं संग्रहालय आहे. इटलीत जाणाऱ्याने पोंतेदेरा केलं तर हेही करावं. दोन्ही बघितल्याशिवाय गोष्ट अर्धीच कळते.

लँब्रेटा बनवणारे फेर्दिनांदो इन्नोचेंती यांचा धंदा पोलादी नळ्यांचा. बांधकामाच्या परांच्यांसाठी नळ्या जोडायची त्यांची पद्धत प्रसिद्ध होती. त्यामुळे १९४७ ची पहिली लँब्रेटा नळीच्या सांगाड्यावर उभी आहे. पत्र्याची कारागिरी असलेल्यांनी पत्र्याची स्कूटर केली, नळ्या असलेल्यांनी नळीची. हा फरक एका दालनात शेजारी शेजारी बघायला मिळतो तेव्हा फार मजा येते. पहिल्या लँब्रेटाला तर इंजिनवर आवरणच नाही, सगळं उघडं. १९५० च्या एलसी मॉडेलपासून झाकलेली आणि उघडी अशा दोन्ही गाड्या मिळू लागल्या. इंजिन मधोमध असल्याने वजन दोन्ही बाजूंना सारखं, आणि चालवताना ते जाणवतं.

थांबून बघावी अशी गाडी म्हणजे लँब्रेटाच्या टीव्ही १७५ मॉडेलची तिसरी मालिका. १९६२ साली तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, तोही केबलने चालणारा. तेव्हा मोठमोठ्या मोटरसायकलींना ड्रम ब्रेक होते. पुढच्या चाकाच्या हबकडे नीट बघा, नाहीतर नजरेतून सुटतं, कारण डिस्क हबच्या आत बंदिस्त आहे.

आणि सिलुरोबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो, त्याच १९५१ साली रोमोलो फेर्री यांनी १२५ सीसीच्या बंदिस्त लँब्रेटावर म्युनिक–इंगोलश्टाट मार्गावर ताशी २०० किमीचा आकडा ओलांडला. दोन्ही गाड्या एकत्र कुठे मांडलेल्या बघायला मिळाल्या तर मी पायी जाईन.

दोन_स्ट्रोक

अर्धाक्लच, वजनाचं बरोबर. पण लँब्रेटाच्या त्या मधल्या इंजिनमुळे साखळी आली ना? १९५८ च्या एलआय मालिकेत बंद पेटीत साखळी आहे. व्हेस्पाचा थेट गिअर मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

अर्धाक्लच

ती साखळी तेलात बुडालेली असते, धूळ लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. त्याआधीच्या डी आणि एलडी मॉडेलला तर साखळी नव्हती, शाफ्ट (फिरता दांडा) होता. या बाबतीत आपलं जमणार नाही :)

मनस्वी

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण धागा आवडला. एक शंका. दास्कानियो विमानांचे अभियंते होते असं वाचलं. स्कूटर आणि विमान यांचा संबंध हा निव्वळ योगायोग का?

चित्राक्षी

मनस्वी, योगायोग नाही. अशा संग्रहालयात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी आणि धरून ठेवणारी गोष्ट हीच आहे.

पियाज्योने युद्धात पी १०८ हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान बनवलं होतं. पोंतेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमानांना मागणी नाही, कामगार बसून, रस्ते फुटलेले, मोटारगाडी घेण्याची कुणाची ऐपत नाही. जपानातही तेच. नाकाजिमा ही जपानची मोठी विमान कंपनी. विमानं बनवायला बंदी आली, कंपनीचं नाव फुजी सांग्यो झालं आणि १९४६ साली त्यांनी 'रॅबिट' स्कूटर बाजारात आणली. तिच्या नमुन्याला गिंगा बॉम्बफेकी विमानाचं शेपटीकडचं चाक लावलं होतं. झीरो विमान बनवणाऱ्या मित्सुबिशीनेही त्याच सुमारास 'सिल्व्हर पिजन' काढली. जर्मनीत हाइंकेलने १९५३ पासून 'टूरिस्ट' बनवली, फोर स्ट्रोक इंजिनची, दणकट. मेसरश्मिटने काही काळ परवान्यावर व्हेस्पा बनवली.

या कंपन्यांकडे हलक्या पत्र्याचं ज्ञान होतं, दाबयंत्रं होती, कुशल हात होते. ते सगळं शहरं जाळण्यासाठी वापरलं गेलं होतं, आणि तेच हात कामावर जाणाऱ्या माणसासाठी स्वस्त वाहन करू लागले. व्हेस्पाच्या पाठीचा गोलवा मला याच नजरेने बघावासा वाटतो.

उलट दिशेचा प्रवासही झाला, तोही दाखवायला हवा. फ्रान्समध्ये परवान्यावर व्हेस्पा बनवणाऱ्या आक्मा कंपनीने १९५० च्या दशकात छत्रीधारी सैनिकांसाठी व्हेस्पा १५० टॅप बनवली. सीटखालून आरपार ७५ मिमीची तोफ बांधलेली. चालत्या स्कूटरवरून ती डागायची नव्हती, उतरवून तिवईवर लावायची. लोक तिच्यासमोर हसत फोटो काढतात. मला तिथे हसू येत नाही. ती गाडी वसाहतींच्या युद्धासाठी होती, आणि फलकावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं असं माझं ठाम मत आहे.

पायवाट

चित्राक्षी, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. पोंतेदेराच्या संग्रहालयात स्कूटरबरोबर विमानं आणि रेल्वेशी संबंधित वस्तूही मांडल्या आहेत. कंपनीची सुरुवातच १८८४ साली जेनोवाजवळ जहाजांच्या अंतर्गत सजावटीपासून झाली होती. पण बरेच जण तो भाग भराभर ओलांडून व्हेस्पांकडे धावतात. आधी विमानाचं इंजिन बघून मग स्कूटरकडे यावं, असं मी आता प्रत्येकाला सांगेन.

मनस्वी

मुलांना घेऊन जायचं असेल तर? ती इंजिन आणि वेल्डिंगमध्ये रमणार नाहीत.

दोन_स्ट्रोक

रमतात, फक्त सुरुवात वेगळी करावी लागते. 'ऑटोपेड' असेल तिथून सुरू करा. पहिल्या महायुद्धाच्या काळातली अमेरिकन गाडी. उभं राहून चालवायची, सीट नाही. हँडलचा दांडा पुढे ढकलला की क्लच लागतो आणि गाडी निघते, मागे ओढला की क्लच सुटतो आणि ब्रेक लागतो. आज मुलं विजेवर चालणारी उभी स्कूटर बघतात, तिची ही पणजी.

मग 'वेलबाइक'. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटच्या नळकांड्यात मावेल अशी बनवलेली. हँडल दुमडतं, सीट खाली जाते. ही नळकांड्यात कशी बसवली असेल, असं मुलांना विचारा आणि बाजूला व्हा. उत्तर ती स्वतः शोधतात.

आणि चेकोस्लोव्हाकियाची 'चेझेटा' दिसली तर ती. १९५७ ची. पुढे एवढं लांब नाक, त्यातच पेट्रोलची टाकी. मुलांना चित्र काढायला याहून चांगली गाडी नाही.

जुनंलोखंड

मुलांसाठी आणखी एक खेळ. एकच व्हेस्पा वेगवेगळ्या देशांत बनली, तिच्यातले फरक शोधायचे. सुरुवातीच्या इटालियन गाड्यांचा दिवा मडगार्डवर आहे. ब्रिस्टलमध्ये डग्लस कंपनीने बनवलेल्या गाडीचा दिवा मात्र वर लेगशिल्डवर (पायांपुढच्या पत्र्यावर), कारण ब्रिटिश कायद्याला दिवा ठराविक उंचीवर हवा होता. रशियाची 'व्यात्का' तर परवान्याविना केलेली नक्कल, पण बारकाईने बघितलं की माप वेगळं जाणवतं.

आपली बजाजही याच कुळातली. १९६१ पासून परवान्यावर व्हेस्पा, १९७१ ला परवाना संपला आणि १९७२ ला चेतक आली. लँब्रेटाचं तर आणखी वेगळं. इटलीत उत्पादन थांबल्यावर सगळी यंत्रं आणि साचेच भारताने विकत घेतले आणि १९७२ साली लखनौला स्कूटर्स इंडिया कंपनी उभी राहिली. परदेशातल्या संग्रहालयात या गाड्या क्वचितच मांडलेल्या असतात, असल्या तरी कोपऱ्यात. याचा मला खेद होतो. ज्या देशांत स्कूटर हौस म्हणून नव्हे तर अख्ख्या कुटुंबाचं वाहन म्हणून इतकी वर्षं राबली, त्यांच्याशिवाय स्कूटरचा इतिहास पुरा कसा होईल?

चित्राक्षी

+१. आणि त्या गाड्या राबलेल्या स्थितीतच मांडायला हव्यात. लेगशिल्डमागे मूल उभं राहायचं तिथला घासलेला रंग, सामानाच्या पिशवीच्या हुकाखालचे ओरखडे, नंतर ठोकून बसवलेला पाय ठेवायचा पत्रा. चालवणारी माणसं गेली की एवढंच उरतं, आणि तेच रंगवून बुजवलं तर संग्रहालय कशाचं?

अर्धाक्लच

माझा इथे थोडा विरोध आहे. सगळं राबलेलं ठेवलं तर १९४७ साली दुकानाच्या काचेमागे उभी असलेली गाडी बघून माणसाला काय वाटलं असेल, ते आजच्या बघणाऱ्याला कसं कळणार? युद्धानंतरच्या त्या उदास रस्त्यावर तो चकचकीत पत्रा हेच आकर्षण होतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी ठेवाव्यात, एक मूळ आणि एक नीट पुनरुज्जीवित. आणि दुसरीवर काय काय बदललं याची नोंद लावावी.

जुनंलोखंड

हे मान्य. नोंद असेल तर माझी तक्रार नाही. नोंद न ठेवता केलेलं कामच घातक.

पायवाट

अर्धाक्लच, दोन गाड्या शेजारी ही कल्पना फार आवडली. एक राहिलंच. संग्रहालयातली इंजिनं अधूनमधून सुरू करावीत का? आवाज आणि धूर नसलेली टू स्ट्रोक मला फार अपुरी वाटली.

दोन_स्ट्रोक

मनापासून वाटतं की करावीत, पण सगळी नाही. बरीच वर्षं उभी राहिलेली टू स्ट्रोक थेट किक मारून सुरू करणं धोक्याचं. क्रँकचे ऑइल सील कडक झालेले असतात, बेअरिंगला गंज असू शकतो, आणि तिथे तेल पोचतं ते पेट्रोलमधूनच. जुन्या गाड्यांना पेट्रोलमध्ये पाच टक्के तेल लागे, पुढच्या मॉडेलना दोन टक्के पुरू लागलं. कुणी माहिती न काढता कमी तेल घातलं तर पिस्टन जाम. शिवाय टाकीत राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजवतं.

म्हणून ज्या मॉडेलच्या बऱ्याच गाड्या शिल्लक आहेत, त्यांतली एक चालती ठेवावी आणि ठरलेल्या दिवशी अंगणात सुरू करून दाखवावी. एमपी ५ सारख्या नमुन्याला हात लावू नये. तिचं पेट्रोल काढून टाकलेलं, सिलिंडरमध्ये तेल सोडलेलं आणि इंजिन अधूनमधून हाताने फिरवलेलं पुरे. टायरवर भार नको, स्टँडवर उभी हवी.

जुनंलोखंड

आणि हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र दालनात आहे की नाही ते बघून या. पत्र्याची गाडी आतून कुजते. बंद पोकळ्यांमध्ये ओल धरली की वर्षानुवर्षं बाहेर काहीच दिसत नाही. व्हेस्पाच्या फ्लोअरबोर्डवर मधल्या कण्याशेजारी ब्रेकचा पेडल बसतो, तिथली कड आधी जाते. पुढच्या वेळी बसून तिथे बघा.